शाळेच्या प्रकल्पासाठी सोलर पॅनेल: गच्चीवरच्या उन्हाचा हिशेब कसा मांडायचा

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या शाळांमध्ये विज्ञान प्रदर्शनं लागली की सौरऊर्जेचा एक तरी प्रकल्प हमखास असतो. थर्माकोलचं घर, छपरावर छोटं पॅनेल, आत एक एलईडी किंवा इवलासा पंखा. मुलांनी ते मनापासून केलेलं असतं. पण परीक्षकांनी "हे पॅनेल दुपारी किती वीज देतं, आणि चार वाजता किती?" असं विचारलं की मुलं गप्प होतात, कारण कुणी मोजलेलंच नसतं. माझा आग्रह एवढाच आहे की पॅनेलच्या जोडीला मल्टिमीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचं छोटं यंत्र) घ्या, महिनाभर मोजा आणि मगच मॉडेलला हात घाला. सौरऊर्जा ही मोजत मोजतच समजते, आणि आठवी ते दहावीच्या मुलांना हे मोजमाप सहज जमतं.

खाली सगळं क्रमाने सांगतो. शिक्षक किंवा पालक सोबत असावेत, विशेषतः गच्चीवर.

सामान काय आणायचं

एक 10 वॅटचं "12 व्होल्ट" पॅनेल, एक साधा डिजिटल मल्टिमीटर, क्रोकोडाइल क्लिप लावलेल्या वायरी, आणि 10, 22, 33, 47 व 100 ओहमचे सिमेंटचे रेझिस्टर (विजेच्या वाटेतले रोधक), प्रत्येकी 10 वॅट क्षमतेचे. 22 ते 47 मधले दोन-तीन जास्त वॅटचे मिळाले तर ते घ्या. शिवाय कोनमापक, दोरा, वजनाला एखादा नट आणि एक जाड वही. बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास हे सगळं एका फेरीत मिळतं. तिथल्या दुकानदारांना शाळेच्या प्रकल्पांची सवय आहे, फक्त काय हवं ते नेमकं लिहून न्या.

बोटभर लांबीची 5 किंवा 6 व्होल्टची पॅनेलंही मिळतात. पाचवी-सहावीच्या मुलांना मोटर फिरवून दाखवायला ती ठीक आहेत. मोजमापासाठी मात्र ती फार लहान पडतात. त्यातल्या बऱ्याच पॅनेलांच्या मागे लेबलही नसतं, आणि लेबल नसलेलं पॅनेल प्रकल्पासाठी घेऊ नये. पुढचे सगळे हिशेब त्या लेबलवरच उभे आहेत.

आधी लेबल वाचा

पॅनेल उलटं करा. मागच्या लेबलवर चार आकडे शोधा: काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज (व्हीओसी), दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट (आयएससी), आणि जास्तीत जास्त वीज मिळते तेव्हाचं व्होल्टेज आणि करंट (व्हीएमपी, आयएमपी). 10 वॅटच्या पॅनेलवर हे साधारण 21 ते 22 व्होल्ट, 0.6 अँपिअर, 17 ते 18 व्होल्ट आणि 0.55 अँपिअर असे असतात. "12 व्होल्ट"चं पॅनेल 21 व्होल्ट का दाखवतं, हा प्रश्न मुलांना इथेच पडायला हवा. दहावीच्या विज्ञानात 'हरित ऊर्जेच्या दिशेने' या धड्यात एका सिलिकॉन सौर घटाचं विभवांतर सुमारे 0.5 व्होल्ट दिलं आहे. पॅनेलवरचे घट मोजा. 36 भरतील. सगळे एकसर जोडलेले, म्हणून 36 गुणिले 0.5, म्हणजे 18 व्होल्ट. काहीच जोडलेलं नसताना प्रत्येक घट 0.6 व्होल्टपर्यंत चढतो, म्हणून 21 च्या वर. 12 व्होल्टची बॅटरी भरायला बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यासाठी ही सोय. या पॅनेलला 6 व्होल्टचा पंखा थेट लावला तर तो जळू शकतो.

लेबलवरचे आकडे एका ठरलेल्या परिस्थितीतले असतात: दर चौरस मीटरला 1000 वॅट ऊन आणि घटांचं तापमान 25 अंश. पुण्याच्या गच्चीवर दोन्ही एकाच वेळी क्वचितच जुळतात, त्यामुळे 10 वॅटच्या पॅनेलने सात-आठ वॅट दिले तर दुकानदाराने फसवलं असं समजू नका.

पहिली दोन मापं

मल्टिमीटरचा नॉब डीसी 20 व्होल्टवर नव्हे, त्याच्या वरच्या 200 व्होल्टच्या रेंजवर ठेवा. 21 व्होल्ट 20 च्या रेंजमध्ये मावत नाहीत आणि पडद्यावर नुसता 1 दिसतो. लाल वायर पॅनेलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. जो आकडा येईल तो लिहून घ्या.

आता करंट. लाल वायर मीटरच्या 10 अँपिअरच्या भोकात घाला, नॉब 10 अँपिअरवर आणा आणि वायरी थेट पॅनेलच्या दोन टोकांना लावा. हो, हे शॉर्ट सर्किटच आहे. छोट्या पॅनेलला त्याने इजा होत नाही, कारण ऊन जेवढं असेल त्यापलीकडे पॅनेल करंट देऊच शकत नाही. बॅटरीच्या बाबतीत हे कधीही करायचं नाही. स्वस्त मीटरवर त्या 10 अँपिअरच्या भोकाशी बारीक अक्षरात "अनफ्यूज्ड" असं छापलेलं असतं, म्हणजे आत फ्यूज नाही. वायर चुकून तिथेच राहिली आणि कुणी बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलं, तर वायर वितळू शकते. म्हणून करंट मोजून झाला की लाल वायर लगेच मूळ जागी परत. मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

ही दोन मापं सकाळी सातला, नऊला आणि दुपारी घेतली की एक महत्त्वाची गोष्ट आपोआप दिसते. कोवळ्या उन्हातही व्होल्टेज जवळपास पूर्ण येतं, करंट मात्र फारच थोडा असतो. ऊन निम्मं झालं की करंट निम्मा होतो, व्होल्टेज जेमतेम हलतं. वर्गातल्या ट्यूबलाइटखाली तर मीटर बऱ्यापैकी व्होल्ट दाखवेल, पण करंट एखाद-दोन मिलिअँपिअर. म्हणून फक्त व्होल्टेज मोजून "पॅनेल चांगलं चालतंय" असं ठरवणाऱ्या प्रकल्पाला काही अर्थ राहत नाही.

पॅनेल म्हणजेच ऊन मोजायचं यंत्र

माझ्या मते सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच आहे. शॉर्ट सर्किट करंट उन्हाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे मोजलेल्या करंटला लेबलवरच्या आयएससीने भागलं आणि 1000 ने गुणलं की त्या क्षणी दर चौरस मीटरला किती वॅट ऊन पडतंय ते कळतं. 0.6 चं पॅनेल आत्ता 0.45 दाखवत असेल तर ऊन 750 वॅट. सौर प्रारण मोजायची खास उपकरणं महागडी असतात. शाळेतल्या मुलांना त्यांचं काम एका पॅनेलवर, थोड्या कमी अचूकतेने, करून घेता येतं.

एक संपूर्ण दिवस घ्या, रविवार उत्तम. पॅनेल एका जागी पक्कं ठेवून सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर तासाला करंट लिहा. सगळ्या आकड्यांची बेरीज करा आणि 0.6 ने भागा. समजा बेरीज 3 आली, तर उत्तर 5. म्हणजे दिवसभरात मिळून पाच तास पूर्ण ऊन पडलं. सोलर बसवणारे लोक पॅनेलचा आकार ठरवतात तेव्हा हेच "पूर्ण उन्हाचे तास" धरतात. पुण्यात वर्षभराची सरासरी पाचच्या आसपास आहे, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत ती बरीच खाली येते. हाच प्रयोग स्वच्छ दिवशी, ढगाळ दिवशी आणि धुक्याच्या सकाळी केला, तर तीन आलेख एकाच कागदावर काढता येतात. असा एक आलेख दहा चकचकीत फलकांपेक्षा जास्त सांगून जातो.

खरी वीज किती: भार जोडून बघा

वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. पण 21 गुणिले 0.6 करून 12.6 वॅट असं लिहिणं चूक आहे, कारण ती दोन मापं एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. त्यासाठी पॅनेलला भार, म्हणजे वीज वापरणारं काहीतरी, जोडावा लागतो. भर दुपारी एकेक रेझिस्टर जोडा आणि त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम, की वॅट आले.

पूर्ण ऊन आणि लेबलवरचे आकडे धरले तर 10 ओहमवर सुमारे 6 व्होल्ट, म्हणजे 3.6 वॅट. 100 ओहमवर वीसच्या आसपास व्होल्ट आणि चार वॅट. 33 ओहमवर मात्र 18 व्होल्टच्या जवळ आणि साडेनऊ-दहा वॅट! तेच पॅनेल, तेच ऊन, आणि वीज अडीचपट. पॅनेलकडून पूर्ण काम करून घ्यायचं तर भार त्याला जुळणारा हवा. मोठ्या सोलरमधले एमपीपीटी नावाचे नियंत्रक हीच जुळवाजुळव सतत करत असतात. आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्या अक्षावर वॅट घेऊन आलेख काढा, मधला उंचवटा स्पष्ट दिसेल.

रेझिस्टर या प्रयोगात चटका बसेल इतके तापतात. फरशीच्या तुकड्यावर ठेवा, माप झालं की लगेच सोडवा, उघड्या हाताने उचलू नका.

दिशा आणि कोन

पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभर एकाच जागी ठेवायचं पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 18 ते 20 अंश तिरकं ठेवतात. प्रदर्शनाच्या हंगामात सूर्य बराच दक्षिणेला असतो. 22 डिसेंबरला मध्यान्हीही तो क्षितिजापासून 48 अंशच वर येतो, त्यामुळे त्या दिवसांत 40 अंशांच्या आसपासचा कोन जास्त वीज देतो. याउलट मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारी सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचा दिवस (मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस) येतो, शाळेत तो जरूर पाळावा.

दक्षिण शोधायला होकायंत्र चालतं, पण गच्चीवरच्या स्लॅबमधल्या सळया आणि टाकीचं लोखंडी स्टँड त्याची सुई ओढतात. त्यापेक्षा सरळ काठी उभी करा आणि सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा तिची रेघ आखा, ती अचूक उत्तर-दक्षिण असते. घड्याळात तेव्हा बारा वाजलेले नसतील. आपली प्रमाण वेळ 82.5 अंश रेखांशाची, पुणे 73.9 वर, म्हणून पुण्याची खरी मध्यान्ह सरासरी 12 वाजून 35 मिनिटांनी होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12:18 च्या सुमारास येते, फेब्रुवारीच्या मध्यावर 12:49 ला. भूगोलाच्या तासाला शिकलेलं रेखांशाचं गणित इथे उन्हात पडताळून बघता येतं.

आता कोनाचा प्रयोग. कोनमापकाला दोरा आणि नट बांधून पॅनेलच्या कडेला चिकटवा. मध्यान्हीच्या आसपास, दहा मिनिटांच्या आत, 0 ते 90 अंशांपर्यंत दर 10 अंशांना करंट मोजा. दिसेल असं की सूर्यासमोर काटकोनापासून 20 अंश चुकलात तर तोटा जेमतेम 6 टक्के, 30 अंशांना 13 टक्के, आणि 60 अंशांना मात्र निम्मा. कोसाइनचं कोष्टक शेजारी ठेवून ताडा. आकडे थोडे जास्त आले तर तो आभाळातून विखरून येणारा उजेड.

यावरून एक सल्ला. सूर्यामागे फिरणारं पॅनेल, सेन्सर आणि सर्वो मोटर लावलेलं, हा प्रकल्प मुलांना फार आवडतो. करायला हरकत नाही. पण मोटर आणि आर्डुइनो (मोटर चालवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) दिवसभरात किती वीज घेतात ते मोजून मिळालेल्या जादा विजेतून वजा करा. पॅनेल लहान असेल तर हिशेब तोट्यात जाऊ शकतो, आणि तसा गेला तर तोच निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडा. परीक्षकांना तो जास्त पटेल.

तीन प्रश्न, आपल्याच गच्चीवरचे

*सावली.* 33 ओहमचा रेझिस्टर जोडून ठेवा. एका घटाच्या आकाराचा पुठ्ठा कापा आणि एकच घट पूर्ण झाका. पॅनेलचा 36 वा भाग झाकला, म्हणजे तीन टक्क्यांहून कमी. वीज मात्र कितीतरी जास्त पडते. आता तेवढ्याच क्षेत्रफळाची अरुंद पट्टी सगळ्या घटांवर थोडी थोडी येईल अशी ठेवून बघा, फरक थोडाच पडेल. स्लॅब टाकताना रांगेत उभं राहून घमेली पुढे देणाऱ्यांपैकी एक जण थांबला की सगळी रांग थांबते, तसं एकसर जोडणीत होतं. करंट सगळ्यांतून एकच वाहतो आणि तो सगळ्यात दुबळा घट ठरवतो. म्हणून कबुतराची एक विष्ठा, टाकीची किंवा डिश अँटेनाची सावली याला सोलरवाले इतके घाबरतात. झाकलेला घट तापतो, त्यामुळे मिनिटभरात पुठ्ठा काढा.

*उष्णता.* पॅनेल घरात सावलीत गार होऊ द्या, मग उन्हात आणून लगेच व्होल्टेज मोजा आणि पुढे दर दोन मिनिटांनी वीस मिनिटं मोजत राहा. आकडा हळूहळू उतरत जाईल. सिलिकॉन पॅनेलचं व्होल्टेज दर अंशाला सुमारे 0.3 टक्के घटतं, आणि एप्रिलच्या उन्हात पॅनेल 60 अंशांवर सहज जातं. "जास्त गरम म्हणजे जास्त वीज" हा समज मुलांमध्येच नाही, मोठ्यांमध्येही आहे. पॅनेलला ऊन हवं असतं, उष्णता नको असते. तेवढंच ऊन असेल तर डिसेंबरच्या गार हवेत तेच पॅनेल मे महिन्यापेक्षा चांगलं काम करतं. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका, काच तडकू शकते.

*धूळ.* पावसाळ्यानंतर पुण्यात बांधकामांची धूळ सगळीकडे बसते. पॅनेल पंधरा दिवस न पुसता ठेवा, मग करंट मोजा, ओल्या फडक्याने पुसा आणि पाच मिनिटांत पुन्हा मोजा. रस्त्याकडेच्या शाळेत आणि आतल्या सोसायटीत दोन गटांनी हेच केलं तर तुलना करता येते.

तिन्ही एकदम करू नका. एक निवडा आणि खोलात जा. इन्स्पायर अवॉर्ड-मानक या केंद्र सरकारच्या शालेय योजनेसाठी कल्पना पाठवायची असेल (निवड झाल्यास विद्यार्थ्याला 10,000 रुपये मिळतात), तर कल्पना अशा मोजमापातूनच सुचते.

उपयोगी वस्तू करायची तर: वीज गेल्यावरचा अभ्यासाचा दिवा

इथे आधी कागदावर हिशेब. 3 वॅटचा 12 व्होल्ट डीसी एलईडी बल्ब, रोज 4 तास, म्हणजे 12 वॅट-तास. बॅटरीत भरताना-काढताना काही वाया जातं, ते धरून 15. पॅनेल 10 वॅट, पूर्ण उन्हाचे 5 तास, आणि प्रत्यक्षातली घट धरून 0.7 ने गुणलं की रोज 35 वॅट-तास. भरपूर झाले. ढगाळ दिवशी निम्मे मिळाले तरी भागेल. बॅटरी सीलबंद लेड-अ‍ॅसिड, 12 व्होल्ट 7 अँपिअर-तास, म्हणजे 84 वॅट-तास. तिला निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे वापरायला 42, तीन संध्याकाळी निघतील. सुटे लिथियम सेल स्वस्त आणि हलके असतात, पण चुकीची जोडणी झाली तर पेट घेऊ शकतात. शाळेत लेड-अ‍ॅसिडच बरी.

मध्ये सोलर चार्ज कंट्रोलर हवाच. तो बॅटरी जास्त भरू देत नाही, पार रिकामी होऊ देत नाही आणि रात्री पॅनेलकडे उलटा करंट जाऊ देत नाही. जोडताना क्रम पाळा: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवा. सोडवताना बरोबर उलट. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच 2 अँपिअरचा फ्यूज लावा. सगळं लाकडी फळीवर बसवा, वायरी रंगानुसार ठेवा. डबा केलात तर हवेला भोकं ठेवा.

वही आणि मांडणी

प्रत्येक मापासोबत तारीख, वेळ, आभाळ कसं होतं, पॅनेलचा कोन आणि दिशा लिहा. खाडाखोड झाली तर एका रेघेने खोडा, पान फाडू नका. एखादा आकडा इतरांत बसत नसेल तर तो ठेवा आणि शेजारी कारण शोधून लिहा. बऱ्याचदा एखादा ढग किंवा सैल क्लिप सापडते.

प्रदर्शन सभागृहात असतं आणि तिथे ऊन नसतं. तिथे पॅनेलवर बल्ब धरून पंखा फिरवण्यात वेळ घालवू नका. आलेख समोर लावा, वही उघडी ठेवा आणि आयोजकांना आधी विचारून परीक्षकांना दोन मिनिटं पटांगणात न्यायची परवानगी घ्या. तिथे त्यांच्याच हातात पुठ्ठा द्या आणि एक घट झाकायला सांगा.

वेळ उरला तर हाच हिशेब शाळेच्या इमारतीला लावा. वर्गातले पंखे आणि ट्यूब मोजा, विजेच्या बिलावरची युनिटं मुख्याध्यापकांकडून मागून घ्या. 1 किलोवॅटच्या पॅनेलांना साधारण 100 चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडे त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. टाकी, जिना आणि शेजारच्या इमारतीची सावली वगळून गच्चीचा नकाशा काढला की शाळेला किती किलोवॅट बसतील ते मुलंच सांगू शकतील. जुना छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा तीसच्या आसपास. म्हणून पंखे बदलल्यावरचा हिशेबही वेगळा मांडा, कदाचित आधी तेच करावं असं निघेल. शाळेत आधीच छतावर सोलर बसवलेलं असेल तर रोजचं मीटर वाचन घ्या आणि आपल्या छोट्या पॅनेलशी ताडून बघा. त्या मोठ्या पॅनेलांच्या वायरींना मात्र हात लावू नका. तिथे काहीशे व्होल्ट डीसी असतात आणि ऊन असेपर्यंत ते बंद करता येत नाहीत.